गोशे आजारात मुलाची पाणथरी काढावी का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा साडेचार वर्षांचा, वजन १५ किलो. वर्षभरापासून पोट वाढत चाललंय आणि नाकातून वरचेवर रक्त येतं. हिमोग्लोबिन ८.४, प्लेटलेट ४८ हजार. रक्तातल्या एन्झाइमची तपासणी झाली आणि गोशे आजार पक्का झाला (एका एन्झाइमच्या कमतरतेमुळे शरीरात मेद साठण्याचा आनुवंशिक आजार; काही जण त्याला गौचरही म्हणतात). एन्झाइमचं औषध सुरू व्हायचंय. दरम्यान एका सर्जनने सांगितलं, ‘पाणथरी काढून टाकू, आठवड्यात प्लेटलेट वर येतील.’ मेटाबॉलिक, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रियांचे, आजार बघणाऱ्या डॉक्टरबाई म्हणतात, ‘अजिबात हात लावू नका.’ कोणाचं ऐकायचं? आणि शेवटी तुम्ही विचारलंय, त्याला खेळायला सोडू का?

मी स्वतः लहान मुलांचा सर्जन आहे. पाणथऱ्या काढण्यात उमेदीची बरीच वर्षं गेली. तरीही तुमच्या मुलाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: आत्ता काढू नका.

सर्जन तुम्हाला खोटं सांगत नाहीत. प्लेटलेट खरंच वर येतील, आठवडासुद्धा लागणार नाही. पोट सपाट दिसेल, मूल पोटभर जेवायला लागेल, आणि पहिले सहा महिने तुम्हाला वाटेल की आपण उगाच घाबरलो. अडचण त्यानंतर सुरू होते.

पाणथरी, म्हणजे प्लीहा, ही म्हाताऱ्या झालेल्या लाल पेशी मोडीत काढायची जागा. तिथल्या भक्षक पेशी लाल पेशी गिळतात आणि पचवतात. लाल पेशीच्या आवरणात ग्लुकोसेरेब्रोसाइड नावाचा मेदाचा प्रकार असतो. तो फोडायला जे एन्झाइम लागतं, ते तुमच्या मुलाच्या शरीरात पुरेसं चालत नाही. त्यामुळे गिळलेला माल पचत नाही, पेशीतच साठून राहतो. अशा भरलेल्या पेशी पाणथरीत, यकृतात आणि हाडांच्या मगजात गोळा होतात. सर्वांत ठळकपणे पाणथरीत, कारण म्हाताऱ्या लाल पेशी मोडीत काढायचं काम मुख्यतः तिथे चालतं. म्हणजे पाणथरीत आजार साठतो, पण आजार पाणथरीचा नाही. घरातली अडगळीची खोली पाडली म्हणून अडगळ यायची थांबत नाही. ती स्वयंपाकघरात आणि जिन्यात साचायला लागते. इथे स्वयंपाकघर म्हणजे यकृत आणि जिना म्हणजे हाडं.

हाडांचं मी जरा सविस्तर सांगतो, कारण पालकांशी बोलताना नेमकं हेच राहून जातं. पाणथरी पूर्ण काढलेल्या गोशे रुग्णांमध्ये खुब्याच्या सांध्यातलं हाड रक्ताअभावी मरण्याचं प्रमाण जास्त दिसतं. यावर एक रास्त आक्षेप आहे: ज्यांचा आजार मुळात जोरात होता त्यांचीच पाणथरी काढली गेली, मग सगळा दोष ऑपरेशनच्या माथी कसा मारायचा? आक्षेपात तथ्य आहे. पण साठा कुठेतरी जाणारच हे साधं गणित त्याने बदलत नाही, आणि माझ्या पाहण्यातही तसंच आलंय.

एक मुलगी माझ्याकडे आठव्या वर्षी आली. सहाव्या वर्षी दुसरीकडे तिची पाणथरी काढलेली होती, निदान न करताच, ‘मोठी आहे म्हणून’. काढलेल्या पाणथरीच्या रिपोर्टमध्ये ‘साठा असलेल्या पेशी’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तो कागद फाइलमध्ये लागला आणि तिथेच राहिला. दोन वर्षांनी मांडीत अचानक असह्य दुखणं सुरू झालं, ताप आला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्या. हाडात पू झालाय असं समजून मांडी उघडली. आत पू नव्हताच. ते गोशेचं हाडाचं दुखणं होतं. हाडाचा रक्तपुरवठा तुटला की ते हुबेहूब जंतुसंसर्गासारखं दिसतं. पण आता हाड उघडलं गेलं होतं, आणि मेलेल्या हाडात बाहेरून जंतू शिरले की ते निघता निघत नाहीत. पुढचं वर्ष तिचं त्यातच गेलं. तेव्हा कोणत्याही गोशेच्या मुलाला ताप आणि हाडदुखी एकत्र आली, तर चाकू लावण्याआधी एमआरआय आणि रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ही तपासणी) होऊ द्या. हे तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पाणथरी पूर्ण काढण्यातला दुसरा धोका सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याचं गांभीर्य कमी लोकांना. १९५२ साली किंग आणि शुमाकर या दोन सर्जननी पाच बाळांची हकीकत छापली. रक्ताच्या एका आनुवंशिक आजारासाठी या बाळांची पाणथरी काढली होती, आणि पुढे त्यांना भयंकर जंतुसंसर्ग झाले. तोवर पाणथरी हा नसला तरी चालणारा अवयव मानला जाई. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिमोफिलस हे जंतू अंगाभोवती कवच घेऊन फिरतात. त्यांना रक्तातून गाळून काढायचं काम मुख्यतः पाणथरीचं. ती नसेल तर सकाळी किरकिर, दुपारी ताप आणि रात्री अतिदक्षता विभाग असं होऊ शकतं. जेवढं मूल लहान तेवढा धोका मोठा, म्हणून पूर्ण पाणथरी काढायचा विषय पाच वर्षांच्या आत सहसा निघतच नाही. तुमचा मुलगा साडेचारचा आहे. त्यावर ‘सहा महिने थांबू आणि मग काढू’ हेही उत्तर नव्हे. वय हा फक्त एक मुद्दा आहे.

आता औषधाचं. १८८२ साली फिलिप गोशे या फ्रेंच वैद्यकीय विद्यार्थ्याने एका ३२ वर्षांच्या बाईच्या पाणथरीत या मोठ्या पेशी पाहिल्या आणि त्याला ती गाठ वाटली. आजाराचं मूळ, म्हणजे नेमकं कुठलं एन्झाइम कमी आहे, हे रॉस्को ब्रेडी यांच्या गटाने १९६५ मध्ये दाखवलं. आणि १९९१ मध्ये ते एन्झाइम बाहेरून शिरेवाटे देण्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पहिलं औषध चक्क मानवी वारेतून काढत. आता ते प्रयोगशाळेत पेशींमध्ये तयार होतं. मला शिकवणाऱ्यांच्या पिढीने गोशेच्या पाणथऱ्या काढल्या, कारण त्यांच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आज मात्र औषध हाताशी असताना तेच करायला वेगळं कारण लागतं.

औषध दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं. नीट मात्रेत मिळालं तर पहिल्या वर्षात पाणथरी ३० ते ५० टक्के लहान व्हावी आणि वर्ष-दोन वर्षांत हिमोग्लोबिन ११ च्या वर जावं, अशी अपेक्षा ठेवतात. प्लेटलेट मात्र हळू चढतात. पाणथरी जितकी मोठी, तितक्या सावकाश. इथेच पालकांचा धीर सुटतो. तीन महिन्यांनी ४८ चे ५५ झाले की ‘औषध लागू पडत नाही’ अशी कुजबुज घरात सुरू होते. पोटाचं माप, वजन, उंची आणि हिमोग्लोबिन आधी हलतात. नजर त्यांच्यावर ठेवा.

पाणथरी ‘किती पट’ मोठी आहे हे मोजायला एक ठोकताळा वापरतात: वजनाच्या ०.२ टक्के म्हणजे नॉर्मल. तुमच्या १५ किलोच्या मुलाची नॉर्मल पाणथरी साधारण ३० ग्रॅमची. वीस पट झाली तर ६०० ग्रॅम. तेवढ्याशा पोटात एवढं ओझं असेल तर जठराला जागा कुठून राहणार? म्हणून तो चार घास खाऊन उठतो. त्याला थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा द्या. ताटातलं संपवण्याची जबरदस्ती नको. सोनोग्राफी फक्त लांबी सांगते, आकारमान नीट कळायला एमआरआय लागतो. औषध सुरू करण्याआधी एक एमआरआय जरूर करून घ्या, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? आणि पोट तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी जाता जाता: हात उजव्या जांघेपासून वर सरकवत आणा. डाव्या बरगडीखालून सुरुवात केलीत तर हात आधीच पाणथरीवर असतो, कडा लागत नाही आणि आपण लिहून मोकळे होतो, ‘पाणथरी हाताला लागत नाही’. मी स्वतः शिकाऊ असताना हे केलंय.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. ४८ हजार प्लेटलेट असताना आपोआप, वरचेवर नाकातून रक्त सहसा येत नाही. गोशेमध्ये प्लेटलेट संख्येने कमी असतातच, पण कधी त्या नीट काम करत नाहीत, आणि काही मुलांमध्ये रक्त गोठवणारे घटकही कमी असतात. तेव्हा पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो याच्या तपासण्या) आणि गरज वाटल्यास प्लेटलेटच्या कामाची तपासणी करायला सांगा. दोष तिथे असेल तर पाणथरी काढून तो जाणार नाही, उलट टेबलावर रक्त थांबेना अशी वेळ येईल. नाकाच्या आतली एखादी शीर फुगलेली आहे का हेही कानानाकघशाच्या डॉक्टरांना बघू दे. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन घरातून काढून टाका, तापाला पॅरासिटामॉल.

याहून महत्त्वाचं म्हणजे गोशेचा प्रकार कोणता हे पक्कं झालंय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पहिल्या प्रकारात मेंदू वाचतो. दुसरा तान्हेपणीच मेंदूवर घाला घालतो आणि तिथे पाणथरीच्या ऑपरेशनचा प्रश्नच येत नाही. तिसरा फसवा: सुरुवातीला फक्त पोट मोठं, मेंदूची लक्षणं हळूहळू. स्वीडनच्या उत्तरेकडच्या नॉरबॉटन भागात हा तिसरा प्रकार बराच आढळतो. तिथल्या मुलांमध्ये पाणथरी काढल्यावर रक्तातलं ग्लुकोसेरेब्रोसाइड वाढलं आणि मेंदूची घसरण वेगाने झाली, असं तिथल्या डॉक्टरांनी औषध येण्याआधीच्या काळात नोंदवलं होतं. जनुकाची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. घरी एक गोष्ट बघा: समोर बसून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे खेळणं धरा आणि त्याला पटकन बघायला सांगा. आपण फक्त डोळे फिरवतो. तिसऱ्या प्रकारातलं मूल डोळे मिचकावून मानेला झटका देतं आणि डोळे मागून येतात. तसं दिसलं तर व्हिडिओ काढून डॉक्टरबाईंना दाखवा. नाही दिसलं तरी तपासणी टाळू नका.

मग मी ऑपरेशन करतो तरी कधी? पाणथरी फुटली आणि रक्त देऊनही रक्तदाब टिकत नसेल तेव्हा. पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ औषध देऊनही प्लेटलेट अगदी तळाला असतील आणि खरोखरचा रक्तस्राव होत असेल तेव्हा. तेही रक्तात प्लेटलेटविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत का, यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढलाय का, हे तपासून झाल्यावर. किंवा औषध मिळण्याची शक्यताच नसेल आणि पाणथरीमुळे मूल श्वास घेऊ शकत नसेल, वाढत नसेल तेव्हा. सोनोग्राफीत पाणथरीत गाठी दिसल्या हे कारण होत नाही. गोशेमध्ये साठ्याच्या अशा गाठी होतात, आणि त्यात सुई घालायचीही घाई नको.

करावंच लागलं तर शक्यतो थोडी पाणथरी राखतो. पाणथरीला रक्त पुरवणारी रोहिणी आत शिरण्याआधीच फांद्यांमध्ये विभागते आणि प्रत्येक फांदी आपापला भाग सांभाळते. एक फांदी चिमट्यात धरली की मिनिटभरात तेवढाच भाग जांभळट-काळा पडतो आणि उरलेल्या लालसर भागाशी त्याची सीमा आखल्यासारखी दिसते. त्या सीमेच्या किंचित काळ्या बाजूने कापायचं, म्हणजे रक्त कमी जातं. ऐकायला सोपं. पण साठ्याची पाणथरी ओल्या मातीसारखी, टाका घातला की दोरा तिला कापत जातो. आणि मागे ठेवलेला तुकडा औषध नसेल तर पुन्हा वाढतो, कधी कधी पूर्वीइतका. म्हणून अर्धवट काढणं म्हणजे मिळवलेला वेळ. तो औषध मिळवण्यासाठी वापरला तर सार्थकी लागतो.

पूर्ण काढायची झाली तर आधी रोहिणी बांधतो. स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने ती नागमोडी जाते, तिथेच गाठायची. बांधली की पाच-दहा मिनिटांत पाणथरी सुरकुतते आणि तिच्यातलं रक्त मुलाच्या अंगात परत जातं. प्लेटलेटची पिशवी लावायची असेल तर त्यानंतर. आधी लावल्या तर पाणथरीच त्या गिळते. स्वादुपिंडाचं शेपूट पाणथरीला चिकटलेलं असतं, तिथे घाई केली की आठवडाभर पोटात पाझर. दुर्बिणीने ऑपरेशन होतं, पण ६०० ग्रॅमचा गोळा चार-पाच वर्षांच्या पोटात हलवायला जागाच नसते. ‘छोट्या भोकातून करू’ असं आश्वासन कुणी दिलं तर अशा आकाराच्या किती केल्या, हे विचारायला संकोचू नका. रोहिणीत तार घालून थोडा भाग सुकवायची पद्धतही आहे. साठ्याच्या मोठ्या पाणथरीत तिच्यामागून येणारा ताप, दुखणं आणि कधी होणारा पू बघता माझं मन तिच्याकडे वळत नाही.

लसी मात्र आत्ताच पूर्ण करा, ऑपरेशन होवो न होवो. न्यूमोकॉकस, हिब (हिमोफिलसची लस), मेनिंगोकॉकस, आणि दर वर्षी फ्लू. ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी त्या व्हायला हव्यात, आणि तातडीची वेळ सांगून येत नाही. ज्यांच्या मुलांची पाणथरी आधीच काढली आहे, त्यांच्यासाठी: पेनिसिलिन रोज दोनदा, किमान पाच वर्षांचं होईपर्यंत आणि ऑपरेशननंतर किमान वर्षभर. काही देशांत ते सोळाव्या वर्षापर्यंत किंवा जन्मभर चालू ठेवतात. ताप १००.४ च्या वर गेला की घरी बसून वाट बघायची नाही. घरी ठेवायला दिलेला अँटिबायोटिकचा डोस देऊन त्याच पावली रुग्णालय. कुत्रं चावलं, अगदी ओरखडा उठला, तरी तेच. मलेरियाच्या भागात जायचं तर आधी औषध विचारा. ऑपरेशननंतरच्या काही आठवड्यांत पोट दुखून ताप आला तर यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी झाली नाही ना, हे डॉप्लरने (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) बघायचं.

हे वाचणाऱ्या काही पालकांच्या मुलांना नीमन-पिक हा साठ्याचाच दुसरा आजार असेल. बी प्रकारात पाणथरी अशीच अवाढव्य होते, पण तिथे साठ्याचा पुढचा मुक्काम फुप्फुसात. पाणथरी काढल्यावर श्वास खालावलेली मुलं पाहिलीत, म्हणून तिथे मी आणखी मागे सरतो. २०२२ पासून त्यालाही ओलिपुडेज अल्फा हे एन्झाइम मिळू लागलं. ते अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून आठवड्यांमागून आठवडे वाढवतात, कारण साठलेला माल एकदम फुटला तर त्यातून निघणारं सिरॅमाइड (मेदाचाच एक घटक) अंगावर येतं. सी प्रकारात पाणथरी क्वचितच त्रास देते. खरा प्रश्न मेंदूचा.

आता खेळण्याबद्दल. मोठी पाणथरी बरगड्यांच्या आडोशातून बाहेर आलेली असते, तिला मार लागू शकतो. कुस्ती, कबड्डी, फुटबॉल, झाडावर चढणं, सायकलवरून उतारावर सुटणं सध्या बंद. पळापळी, पोहणं, झोपाळा चालेल. त्याच्या पोटाच्या मापाचं प्लास्टिकचं कवच बनवून मिळतं, शाळेत शर्टाच्या आत घालता येतं. मुलं पहिले दोन दिवस कुरकुरतात, मग विसरतात. वर्गशिक्षिकेला एका कागदावर लिहून द्या: पोटावर मार लागला, डाव्या खांद्यात दुखायला लागलं, चेहरा पांढराफटक पडला, तर घरी फोन करण्यात वेळ न घालवता आधी रुग्णालयात न्यायचं. खांद्याचं आवर्जून लिहा. फुटलेल्या पाणथरीचं रक्त श्वासपटलाला लागतं आणि दुखतं मात्र खांद्यात. पडलेलं मूल खांदा धरून रडतंय म्हटल्यावर सगळे हातच तपासत बसतात.